आबांना लाल देश दाखवताना

लोक आईवडिलांना चारधामला नेतात. मी आबांना व्हिएतनामला नेलं आणि निघाल्यापासून परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला होता. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, देश सुंदर आहे, खाणं स्वस्त आहे. फक्त सोबत आबा असतील तर आधी हे वाचा.

आबा म्हणजे माझे वडील. मूळचे रायगडचे, पण उमेदीची वर्षं भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर गेली आणि उरलेला सगळा वेळ लाल बावट्याच्या युनियनमध्ये. मी शाळेत असताना मोठा संप झाला. त्यात आबांची नोकरी गेली ती गेलीच. आईने साड्यांना फॉल-बिडिंग लावून घर चालवलं. आबा कधी हळहळले नाहीत. "जगात एक तरी जागा आहे जिथे राज्य कामगाराचं आहे," एवढं म्हणायचे आणि पेपर उघडायचे. मग गेल्या वर्षी बायपास झाली. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मला म्हणाले, "सुजा, ती जागा एकदा डोळ्यांनी बघायचीय."

मी नेटवर सगळं वाचून बसले होते. तिथे पक्ष कम्युनिस्ट, पण बाजार एकदम खुला. मॉल, शेअर बाजार, परदेशी कंपन्या, अब्जाधीश, सगळं आहे. आबांनी ते पाहिलं आणि आपलं आयुष्य फुकट गेलं असं त्यांना वाटलं तर? ज्याच्यासाठी नोकरी घालवली, बायकोला रात्रंदिवस सुईला जुंपलं, ते सगळं खोटंच निघालं तर? या वयात, या छातीवर टाके असताना? पण नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

आईला चल म्हटलं तर म्हणाली, "माझे गुडघे राहू दे, आणि मला कशाला दाखवतेस कम्युनिस्ट राज्य? मी त्यातच संसार केलाय. पक्ष एकच, इलेक्शन नाही."

तर कामाच्या गोष्टी. व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण पासपोर्टवरचं नाव अक्षर न अक्षर जुळवा, मी तीनदा तपासलं. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे. भाईंदरच्या गोडदेवहून निघताना हाताशी भरपूर वेळ ठेवा, कारण दहिसर नाक्यावरचा टोल माफ झाला असला तरी रांग काही माफ झालेली नाही. आबा खिडकीशी शांत बसलेले, आणि मी त्यांच्या गोळ्यांची पिशवी मांडीवर धरून देव पाण्यात ठेवून बसलेली.

हनोईत जुन्या वस्तीत हॉटेल घ्या. खोल्या लहान असतात, पण सगळं पायी फिरता येतं. नोटांवर एवढी शून्यं असतात की पहिल्या दिवशी कॉफीचे पैसेही दोनदा मोजून द्यावे लागतात. शाकाहारी असाल तर 'चाय' अशी पाटी शोधा, तिकडे शाकाहाराला तेच म्हणतात. आबांना तो प्रश्नच नव्हता. माशाच्या सॉसचा वास येताच म्हणाले, "सुकट भाजतायत कोणीतरी," आणि सकाळी सकाळी वाटीभर नूडल्सचं सूप भुरकून मोकळे झाले. रस्ता ओलांडायचा तर थांबू नका, सावकाश चालत राहा, स्कूटरवाले तुम्हाला वळसा घालून जातात. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. आबा माझा हात धरून नेत होते, नेमकं उलटं व्हायला हवं होतं.

मी मुद्दाम कार्यक्रम असा आखला होता की मॉल वाटेत येणारच नाही. देवळं, तलाव, म्युझियम, त्यांच्या थोर नेत्याची समाधी. तिथे सकाळी लवकर जा, गुडघे झाकणारे कपडे घाला, आत बोलायचं नाही. आबा हात मागे बांधून रांगेतून गेले आणि बाहेर येऊन डोळे पुसले. मला बरं वाटलं. आणि परतताना आमची गाइड लिन, पंचविशीची हसरी पोरगी, जवळचा रस्ता म्हणून आम्हाला नेमकी एका झगमगत्या मॉलसमोरून घेऊन गेली. वर विळा-हातोड्याचे झेंडे, खाली काचेत पर्सा. एकेका पर्सच्या किमतीत आमची वर्षभराची भाजी आली असती.

मी आबांच्या चेहऱ्याकडे बघायचंच टाळलं.

"काय गं, अशी का झालीस?" आबा हसायला लागले. "मला काय हे माहीत नाही होय? रोज पेपर वाचतो मी. लढाईत बेचिराख झालेला देश आहे, भांडवल आणणार कुठून? बाजार हे अवजार आहे. हातोडा मालकाच्या हातात वेगळा, आपल्या हातात वेगळा."

अगं बाई! एवढ्यासाठी मी महिनाभर झोप घालवली होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

पण दुसऱ्या सकाळी नाश्त्याला मीरा रोडचे एक शेठ भेटले. इमिटेशन ज्वेलरीचा धंदा, माल बघायला आलेले. मराठी ऐकून खुर्ची सरकवून आमच्या टेबलावर. "काका, सच बोलूँ? धंदा करने का तो इधर. लाइट जाती नहीं, ऑर्डर टाइम पे, और हड़ताल का नाम नहीं. अपने यहाँ कम्युनिस्ट लोग ने फॅक्टरी बंद करवाया, और इधर कम्युनिस्ट लोग ही चलाता है!"

आबांचा चमचा वाटीतच राहिला. "हड़ताल क्यों नहीं?" त्यांनी विचारलं. शेठने खांदे उडवले. आबा माझ्याकडे वळले, "मला कारखाना बघायचाय. आत नको. गेटवर. पाळी सुटायच्या वेळेला."

आमच्याकडच्या युनियनवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. कुठल्याही कारखान्याची खरी खबर गेटवर, पाळी सुटताना. आबांनी अर्धं आयुष्य गेट मीटिंगा घेण्यात घालवलंय. मी लिनला विचारलं. ती जरा घुटमळली, पण तासाभराच्या रस्त्यावर एक औद्योगिक वसाहत आहे म्हणाली. टॅक्सी फोनवरच्या ॲपने करा, भाव आधीच दिसतो.

आम्ही गेटसमोर पोचलो आणि भोंगा झाला. निळ्या जॅकेटातल्या मुलींचे थवे बाहेर पडले. आणि माझ्या काही लक्षात यायच्या आत आबा दगडी कठड्यावर चढले, मूठ वर केली आणि खणखणीत आवाजात ओरडले, "साथियों, लाल सलाम!"

कोणी थांबलं नाही. दोन-चार मुली हसल्या, एकीने फोन काढला, बाकीच्या मान खाली घालून स्कूटरींकडे पळाल्या. आले ते सुरक्षा रक्षक. परका देश, भाषा कळत नाही, गोळ्यांची पिशवी टॅक्सीत. मी आबांचा सदरा ओढत होते आणि ते रक्षकांना समजावत होते, "कॉम्रेड, कॉम्रेड."

मग आतून कंपनीचं जॅकेट घातलेला एक गृहस्थ आला, अगदी अदबशीर. लिन त्याच्याशी हळू आवाजात बोलली आणि आम्हाला म्हणाली, "हे इथल्या युनियनचे अध्यक्ष आहेत."

आबांचा चेहरा उजळला. उतरून दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. "विचार ना, इथे कुठल्या खात्यात काम करतात?"

मी इंग्रजीत विचारलं, लिनने त्यांच्या भाषेत. उत्तर आलं, "कामगार भरतीचे अधिकारी आहेत."

"म्हणजे कामावर ठेवणारा हाच?"

"हो."

"काढणारा?"

लिनने हे पुढे विचारलंच नाही. अध्यक्षांनी हसून मला फोनमधले गेटचे फोटो पुसायला सांगितले, टॅक्सीपर्यंत पोचवलं, दारही लावून दिलं. बस, एवढंच. वाईट कोणीच वागलं नाही.

टॅक्सीत आबांनी माझ्यामार्फत लिनला विचारलं, "संप होतात का गं इथे?"

"होतात कधीकधी," लिन म्हणाली. "परवानगी मिळून झालेला मी ऐकला नाही." मग म्हणाली, "अंकल, तुम्ही उद्या घरी जाल. मला इथे राहायचंय. त्यांनी माझं नाव विचारून घेतलंय."

आबांनी तिची हात जोडून माफी मागितली. मी त्यांना कुणापुढे हात जोडताना कधी पाहिलं नव्हतं. मला रडूच आलं. परतीच्या वाटेवर त्यांनी पेपरही उघडला नाही. विमानात मी दर थोड्या वेळाने त्यांची नाडी बघत होते. मॉलला घाबरले होते मी, आणि घाव बसला तो गेटवर. परतल्यावर दोन आठवडे लिनला मेसेज करत राहिले. शेवटी तिने नव्या पाहुण्यांसोबतचा फोटो टाकला, तेव्हा कुठे माझा श्वास मोकळा झाला.

कम्युनिस्ट राज्यात भांडवलशाही चालते का, असं मला आता बरेच जण विचारतात. चालते हो. मजेत चालते. कोणाची गैरसोय होते ते गेटवर जाऊन बघायचं. बाकी बजेट, हॉटेलं वगैरे काही विचारायचं असेल तर खाली लिहा, सांगेन.

रविवारी आबांचे जुने सोबती घरी जमले. चहा झाला, खारे दाणे झाले. आबांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मी दारात उभी. पॉलिश खात्यातले तुकाराम काका शेवटी आबांना म्हणाले, "मग दादा, आपण नोकऱ्या घालवल्या त्या कशासाठी? फुकटच ना?"

हाच प्रश्न. याच्याच भीतीने मी इतके दिवस मेले होते.

आबा म्हणाले, "त्या मुलींना कोणी विचारतच नाही, तुमचं काय म्हणणं आहे. तिथून निघाल्यापासून माझ्या मनात तेच आहे." मग ते वळून आईकडे बघायला लागले. आई मोरीजवळ कप विसळत होती. "अगं, तू सांग. शिवणकाम तू केलंस. फुकट गेलं का?"

आईने नळ बंद केला. ओले हात पदराला पुसले. सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"संपाला बसताना विचारलं नव्हतंत," ती म्हणाली. "विचारलं असतंत तर बसा म्हणाले असते."