अठ्ठ्याहत्तरच्या वेगाने

माझ्या गाण्याची पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा ती वाजवायचं यंत्र आमच्या अख्ख्या वस्तीत कुणाकडे नव्हतं. आणि ती वाजल्याशिवाय माझं काही खरं नव्हतं.

आम्ही अमरावतीचे. वडील तहसील कचेरीत कारकून. मी मिशनच्या शाळेत जायची. तिथल्या गोव्याच्या संगीतबाई प्रार्थना झाली की दार लोटून पियानोवर भलतंच काहीतरी वाजवायच्या आणि मला त्यावर गायला लावायच्या. ते जॅझ होतं, हे मला फार पुढे कळलं. मॅट्रिक झाल्यावर टायपिस्टची नोकरी धरून मी मुंबईला मावशीकडे गेले, आणि बाईंच्या चिठ्ठीवर शनिवार-रविवार एका हॉटेलातल्या बँडबरोबर गाऊ लागले. घरी लिहिताना मी हॉटेल हा शब्द टाळायची, ‘कार्यक्रमात गाते’ म्हणायची. दोन वर्षांनी बँडची चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड निघाली. गाणारी मी. मावशीला आनंद मावेना. तिनं घरी पत्र टाकलं, हॉटेलच्या नावासकट.

उलट टपाली वडिलांचं कार्ड आलं. ‘गाणे पुरे झाले. सामान घेऊन परत ये.’

मी सगळं सामान नेलं नाही. दोन साड्यांच्या मध्ये ती एक रेकॉर्ड ठेवली आणि बडनेरा स्टेशनावर उतरले.

“हाटेलात पोरगी गाते म्हंजे लोक काय म्हणतीन, हे तुले समजत नाही का?” वडिलांनी विचारलं.

“बाबा, एकदा ऐका. मग तुम्ही म्हणाल तसं. नाही म्हणालात तर नाही जाणार.”

बोलून गेले आणि लगेच पस्तावले.

“आयकतो,” ते म्हणाले. “पण एकटा नाही आयकत.”

दीक्षा घेतल्यापासून आमच्या वस्तीत एक रीत पडली होती, आणि पाडणाऱ्यांत वडीलच पुढे होते. मुलीला पुढे शिकवायचं का, लग्नात वाजंत्री लावायची का, असलं काहीही रविवारी विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांसमोर ठरायचं. उघड ठरलं की मागून कुजबुज होत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आता माझ्या गाण्याचा निकाल चाळीस-पन्नास माणसांत, भोंग्यावरून लागणार होता.

रविवारी सकाळी वडिलांनी बाहेरून बोलावलेले लाउडस्पीकरवाले चाचा आले. त्यांनी कडुनिंबाला भोंगा बांधला, ग्रामोफोनची पेटी उघडली, आणि मी वाकून पाहिलं. यंत्र जुनं होतं, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या एकाच वेगाचं. माझी रेकॉर्ड पंचेचाळीसची. त्यावर लावली तर गाणं पळत सुटणार आणि माझा आवाज चिमणीचा होणार. शिवाय ती जाड पोलादी सुई तिच्या बारीक रेघा खरवडून टाकणार.

“चाचा, याले दुसरी स्पीड नाही का?” मी हळूच विचारलं.

“नाही बेटी. शादीत बी हेच चालते. फिरते ना? बस.”

मी वडिलांकडे पाहिलं. इस्त्रीचा सदरा घालून ते पुढच्या रांगेत बसले होते. आता ‘लावू नका’ म्हणावं, तर गाण्यात लपवण्यासारखं काहीतरी आहे असं सगळे धरून चालणार. लावू द्यावं, तर हसं होणार. मी रेकॉर्ड चाचांच्या हातात दिली. मुंबईत दोनशे अनोळखी लोकांसमोर उभी राहणारी मी, तिथे माझी बोबडी वळली. त्याचा मला अजून राग येतो.

रेकॉर्ड फिरली. माझं साडेतीन मिनिटांचं संथ गाणं दोन मिनिटांत चिवचिवत संपलं. पोरं खिदळली. बायांनी तोंडाला पदर लावले. शेजारच्या म्हातारीनं तर मोठ्यानं विचारलं, “इंग्रजीत कोनाशी भांडून राहिली वो हे?” सुईपाशी काळा भुगा जमला होता. मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं.

वडील हसले नाहीत. “अजून एक डाव लावा,” ते म्हणाले.

दुसऱ्यांदा तर निम्मी खरखरच होती. ती संपल्यावर ते उठले.

“मले यातलं काई समजलं नाही. पन येवढ्या झपाट्यानं इंग्रजी म्हनाचं अन् कुठंसा अडकाचं नाही, हे मेहनतीचं काम हाये. आमच्या सायबाले बी नाही जमत. पोरीनं काई वाईट केलं नाही. जाऊ द्या तिले.”

कुणी हरकत घेतली नाही. ‘बाबा, तो माझा आवाज नाही,’ हे अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, त्यांच्यापुढे वाकले आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसले.

परवानगी मिळाली, झोप गेली. कारण माझा खरा आवाज खालच्या पट्टीतला, रेंगाळणारा. हॉटेलात गाणाऱ्या बाईचा आवाज कसा असेल याची वडिलांना जी धास्ती होती, अगदी तसाच. त्यांनी मोकळीक दिली होती ती त्या चिमणीला. मला नव्हे.

काही महिन्यांनी बँडमास्तर नाचतच आले, आपलं गाणं रेडिओवर लागणार म्हणून. सगळ्यांनी पेढे खाल्ले, मी माझा कागदात गुंडाळून ठेवला. आमच्या घरी रेडिओ नव्हता, एवढाच आधार. पण वडील नेमके तेव्हा अकोल्याला आत्याकडे गेले होते, आणि आत्याकडे रेडिओ होता.

आठवड्यात कार्ड आलं. ते मी दोन दिवस वाचलंच नाही.

‘अकोल्यास रेडिओवर तुझे ते गाणे लागले होते. मी मधूनच ऐकले. दुसरीच कोणी बाई म्हणत होती. चाल तीच, पण फार सावकाश. तुझ्यासारखा झपाटा तिला नाही. तुझ्या आत्याच्या डोळ्यांत मात्र पाणी आले. का म्हणून विचारले तर सांगेना. प्रकृतीस जपावे.’

मी चार कार्डं फाडली. पाचव्यावर लिहिलं, ‘बाबा, ती बाई नवीन आहे. तिला तसंच गाता येतं. तुम्हाला आवडलं नसेल तर ती गाणं सोडून द्यायला तयार आहे.’

उत्तर यायला पंधरा दिवस लागले. वडिलांना कळलं होतं की नाही, हे विचारायचा धीर मला त्यानंतरही कधी झाला नाही. कार्डावर पावसापाण्याची खबर होती, आईचा खोकला होता, आणि अगदी खाली, जागा उरली नव्हती तिथे, बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘तिला म्हणावे, सोडू नकोस. सावकाशच म्हण.’