खिळ्यावरचं घड्याळ

बाबांच्या छातीत पहिल्यांदा दुखलं, ते त्यांनी आम्हाला पाच दिवसांनी सांगितलं. तेही भाजीत मीठ कमी आहे अशा सुरात. गोंदियाच्या डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा दुखलं तर दोन-तीन तासांत दवाखाना गाठा, नंतर आमच्या हाती काही राहणार नाही. ते दोन-तीन तास माझ्या डोक्यात जे घुसले ते घुसलेच. मी बालाघाटला शाळेत शिकवते. आईबाबा उकव्याच्या वाटेवरच्या गावात, जंगलाच्या कडेला. दोघांनाही दुखणं अंगावर काढायची सवय, आणि मला न सांगण्यात तर दोघांची एकी.

म्हणून मी घड्याळ आणलं. मनगटावर बांधलं की ठोके मोजायचं, पावलं मोजायचं आणि बाबांच्या फोनमधून सगळं माझ्या फोनवर पाठवायचं. आईला फोन उचलता येई, लावता येत नसे. तिला मी एवढंच पाठ करून दिलं की घड्याळ आणि फोन एकमेकांपासून लांब ठेवायचे नाहीत. शिकवणं हा माझा धंदाच आहे, आणि घरच्यांना त्याचा फार जाच होतो, हे मला मान्य आहे.

बाबांनी मात्र घड्याळाला आपलाच कायदा लावला. त्यांचं आयुष्य मँगनीजच्या खाणीत गेलं. खाली उतरताना आपला पितळी बिल्ला वरच्या फळ्यावर टांगायचा आणि वर आलं की काढून घ्यायचा. फळ्यावर बिल्ला लटकतोय, म्हणजे माणूस अजून खाली आहे. निवृत्त झाल्यावर फळा गेला, पण सवय राहिली. बाहेर निघताना ते घड्याळ काढून दाराजवळच्या खिळ्याला टांगत, फोनची पिशवीही तिथेच. घरी आले की हातपाय धुऊन पुन्हा बांधत.

मी कपाळावर हात मारला. “बाबा, ते बाहेर जातानाच घालाचं असते!”

“अन् मंग मी बाहेर हाय, हे घरच्यायले कसं समजन?”

शेवटी मीच त्यांचा कायदा शिकले. फोनवर ठोक्यांची रेघ कोरी दिसली की बाबा बाहेर, ठोके दिसले की बाबा घरी. सकाळी कोरी, दहा वाजता ठोके सुरू, की मी निवांत वर्गावर जायची.

एकदा बाबा बाहेरून येऊन घड्याळ न बांधताच जेवायला बसले; आईने ते सहज खिळ्यावरून उचललं, तर बाबा घास टाकून ओरडले. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. “दुसऱ्याच्या बिल्ल्याले हात लावाचा नाही!” मग खाली बघत त्यांनी एक गोष्ट सांगितली. कुठल्याशा लांबच्या खाणीतली, त्यांनी म्हाताऱ्या कामगाराकडून ऐकलेली. एकाला वाटलं, आपला दोस्त वर येऊन बिल्ला विसरून घरी गेला. घरी नेऊन द्यावा म्हणून त्याने तो काढून घेतला. फळा रिकामा दिसला, म्हणून वरच्यांनी दार लावलं. दोस्त खालीच होता.

आईने घड्याळ परत टांगलं.

त्यानंतर दिवाळीत बाबा कोणाच्या तरी बैलाच्या सौद्याला गेले आणि दुपारपर्यंत रेघ कोरीच. मी आईला फोनवर नको नको ते बोलले. “कोरं दिसलं का माझा जीव जाते. तुले काही समजते का नाही?” ती बिचारी “हौ, हौ” म्हणत राहिली. नंतर मात्र रेघ दहाच्या पुढे कधीच कोरी राहिली नाही. मला वाटलं, बाबा वेळेवर यायला लागले. माझ्या ओरडण्याचा उपयोग झाला, म्हणून मी थोडी फुशारलेही.

मोहाचे दिवस आले. आमच्या बांधावर मोहाची तीन झाडं, चौथं नाल्यापलीकडे. फुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचायची. त्याच वासाने अस्वलंही येतात, म्हणून बाबा वाटेने खोकत आणि काठी आपटत जात.

त्या दिवशी शाळेत पेपर तपासणं चाललं होतं. साडेदहाला फोन पाहिला. ठोके ब्याऐंशी. आले बाबा. बाराला एक्याण्णव. जरा जास्त, पण ऊनही जास्त होतं. दीडच्या सुमाराला पाहते तर ठोके शंभराच्या पुढे आणि पावलांचा आकडा भराभर चढतोय. क्षणभर काळजी वाटली, आणि मग हसूच आलं. म्हातारा घड्याळ घालून बाहेर पडला होता! इतक्या महिन्यांनी माझं ऐकलं होतं. शाबासकी द्यायला माझ्या फोनवर त्या आकड्यांखाली टाळीचं चिन्ह असतं. ते दाबलं की समोरच्याच्या मनगटावर घड्याळ गुरगुरतं. मी टाळी पाठवली आणि पुढचा गठ्ठा ओढला.

सव्वातीनला ठोके एकशे एकवीस होते. पावलं मात्र थांबलेली. बसलेल्या माणसाचे इतके ठोके कशाला पडतील? मी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर आईने उचलला.

“आई, बाबाले दे फोन.”

“ते कुठी हायेत, बेटा? आलेच नाही अजून.”

“काय बोलून राह्यली तू? घड्याळ त्यायच्या हातात हाय. मले ठोके दिसून राह्यले.”

फोनमध्ये वारा घोंघावत होता. मग ती म्हणाली, “ते मी घातलं व. दहा वाजताच. कोरं दिसलं तं तू घाबरशीन म्हणून. नेहमीच घालतो मी, त्यायले उशीर झाला का. आले का काढून ठेवतो.”

सकाळपासून मी जे मोजत होते, ते आईचं काळीज होतं.

शेजाऱ्यांना फोन केले, ते धावले. मी गावावरून जाणाऱ्या बैहरच्या बसमध्ये दाराशी उभी राहून गेले. बाबा नाल्यापलीकडच्या चौथ्या झाडाखाली सापडले, बुंध्याला टेकून. टोपली भरलेली, काठी मांडीवर. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अंग पाहिलं, म्हणाले, फार वेळ झालेला नाही, दुपार टळेपर्यंत जीव असावा. ते सहज बोलून गेले. रेघ दहानंतर कोरी राहिली असती, तर मी अकरापर्यंत गाव जागं केलं असतं.

आईवर मी रागावले नाही, असं लोक समजतात. मी रागावले होते, आणि त्याची मला लाज वाटते. तिने जे केलं ते माझ्या धाकाने केलं.

तेरवी झाल्यावर आम्ही दोघी ओसरीवर तांदूळ निवडत बसलो होतो. आई खिळ्याकडे पाहत म्हणाली, “त्या दिवशी फोनची पिशवी घेऊन मी तिन्ही झाडं पायली. मंग नाल्यापाशी गेली. पलीकडं जाव का नाही, गुडघे उचलत नोहते. तेवढ्यात हे हातावर गुरगुरलं. मले वाटलं, तुले समजलं. तू कोनाले तरी धाडून राह्यली. म्हणून मंग मी अलीकडंच बसली, वाट पायत.”

“किती वेळ?”

“तुहा फोन येतपर्यंत.”

मी मान खाली घालून खडे वेचत राहिले. ती नुसती टाळी होती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.