दार चार बोटं उघडं

दुष्काळात आमच्या तामलवाडीच्या महिला सहकारी संस्थेला पहिलं काम मिळालं, कापडी पिशव्यांवर जोंधळ्याचं कणीस छापायचं. दुसऱ्या दिवशी नमुना दिला नाही, तर काम परत जाणार होतं. शिकवायला सोलापूरहून छपाईचे मास्तर आले. शिकणार मी, कारण बायकांत मॅट्रिक झालेली मी एकटीच.

मास्तरांची बाटली काळ्या कापडात गुंडाळलेली. ताणलेल्या जाळीच्या चौकटीवर त्यांनी पिवळं औषध कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ फासलं आणि म्हणाले, "वाळेपर्यंत अंधार हवा. दार लावा."

"सरळ काम कुणी दार लावून करतं का?" चेअरमनबाई म्हणाल्या. त्या माझ्या चुलत सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते. परका पुरुष आणि घरची सून बंद खोलीत, हे त्यांना चालणारच नव्हतं. दार चार बोटं उघडं ठेवून त्या उंबऱ्यावर बसल्या. भरवसा मलाही नव्हता. ज्याला शिकवायचं नसतं तो अंधार मागतो, असं मला वाटत होतं.

मग चौकटीवर काळ्या शाईचं चित्र ठेवून ती उन्हात धरली आणि टँकरच्या घागरभर पाण्यानं धुतली. कणीस उमटलं, पण दोन तुकड्यांत. मधली औषधाची उभी पट्टी सुटेचना.

"औषध बनावट हाय," चेअरमनबाई म्हणाल्या.

"बाई, औषध नवं आहे. तुमच्या पाण्यातच काहीतरी असेल."

"पाणीच कुठं हाय, त्यात काही असायला!"

मी चौकट उचलून खोलीत वाळत ठेवली होती त्याच जागी टेकवली. दाराच्या फटीतून आलेलं ऊन जवळजवळ त्या पट्टीवरच पडलं.

"आत्याबाई, हे बघा."

त्यांनी पट्टीकडं बघितलं, फटीकडं बघितलं. घरी गेल्या आणि प्यायच्या पाण्याची घागर घेऊन आल्या. मास्तरांनी दुसरी चौकट फासली. या वेळी चेअरमनबाई आत आल्या, मला भिंतीकडं सरकवलं आणि दार स्वतः लावलं. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.

"मास्तर, आता बोलत ऱ्हावा."

"काय बोलू?"

"काय बी. तुमी कुठं हायसा ते मला कळाय पायजे."

बिचारे चौकट वाळेपर्यंत बोलत राहिले. उजेड लागला की हा पापुद्रा घट्ट होतो, काळ्या शाईखालचा तेवढा मऊ राहून धुतला जातो, औषधात काय किती घालायचं, सगळं सांगितलं. जरा थांबले की बाई खाकरायच्या.

कणीस अख्खं उमटलं. मास्तरांना पुन्हा बोलवावं लागलं नाही.