फोटोचं वजन

पुसदच्या शाळेत मी शिकवायला लागले, तेव्हा लोक टपालाची तिकिटं जमवत. मी आख्खी पाकिटं जमवायचे, परदेशातून विमानाने आलेली. तिकीट कापलं की पत्र कधी निघालं, कधी पोचलं, त्याला किती दर लागला, काहीच कळत नाही.

आमचं शिवणयंत्र दुरुस्त करणारे चाचा माझ्यासाठी तिकिटं कापायला बसले, तेव्हा मी त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली.

"पाकिटं तशीच द्या, चाचा."

"कागदाचं काय करशीन, बेटी?" ते हसले.

त्यांचा भाऊ दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आफ्रिकेत गेला होता. चाचांच्या डब्यात त्याची वीसेक पत्रं होती. सगळ्यांवर सारखीच तिकिटं, आणि शिक्क्यांवरून दिसत होतं, प्रत्येक पत्र आठ-दहा दिवसांत पोचलेलं. एकाला मात्र महिना लागला होता. त्याच्यावरच्या, विमानाने पाठवायचं असं छापलेल्या निळ्या चिठ्ठीवर दोन जाड रेघा मारलेल्या होत्या.

"हे उशिरा काहून आलं?" मी विचारलं.

चाचांचं हसू गेलं. "अम्मी बिमार होती. मी तार केली. त्याचं हे खत आलं तं अम्मीले जाऊन पंधरा दिवस झालते. आत लिवलं होतं, आजच तार भेटली. खोटं. बसून राह्यला तो तिकडं. तवापासून मी त्याले एक अक्षर लिवलं नाही."

मी शिक्का दाखवला. चाचांनी आतल्या पत्रावरची तारीख पाहिली; ती आणि शिक्क्यातली तिकडच्या पोस्टाची तारीख एकच होती.

"मंग महिनाभर कुठं होतं?" त्यांनी विचारलं.

ते शोधायचंच, असं मी ठरवलं. पुसदच्या पोस्टात जुन्या दरांची पुस्तकं कधीच रद्दीत गेली होती. रेघांचा अर्थ विचारत मी चार ठिकाणी पत्रं पाठवली. तीन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. चौथं यवतमाळच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांचं आलं: पाकीट घेऊन या. सुट्टीत मी बसने गेले.

त्यांनी भिंगातून रेघा पाहिल्या. "विमानाचा दर पुरा भरला नव्हता. म्हणून विमानाची चिठ्ठी रेघा मारून रद्द केली आणि बोटीनं पाठवलं."

"पण तिकिटं बाकीच्यांइतकीच आहेत."

"मग वजन जास्त असणार. अर्ध्या औंसाच्या वर गेलं की दर दुप्पट."

परतल्यावर मी चाचांना आतलं सगळं मागितलं. त्यांनी डबा उघडला. मग पत्र दिलं, आणि त्यासोबत आलेला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला भावाचा फोटो. आम्ही दोघं पोस्टात गेलो. नुसतं पत्र घातलेलं पाकीट अर्ध्या औंसाच्या आत होतं. फोटो ठेवला आणि पारडं खाली गेलं.

"अम्मीनं पाह्यला असता म्हणून टाकला असन," चाचा म्हणाले. तराजूवरून फोटो उचलून त्यांनी तो सदऱ्याला पुसला. "आणि मी इतकी वर्सं..."

तिथेच उभं राहून त्यांनी परदेशी पत्राचा कागद विकत घेतला आणि भावाला लिहायला लागले. पत्ता तोच असेल का, याची त्यांना खात्री नव्हती. मी म्हटलं, परत आलं तर दुसरा पत्ता शोधू.

दोन महिन्यांनी मधल्या सुट्टीत ते शाळेत आले. हातात भावाचं उर्दूतलं उत्तर होतं. व्हरांड्यात उभे राहून त्यांनी मला ते मराठीत सांगत सांगत वाचलं. भावाला आता नीट दिसत नव्हतं, म्हणून मुलीकडून लिहून घेतलं होतं. आणि अम्मीची कबर कुठे आहे, ते त्याने विचारलं होतं.