रडायला सूर लागतो

माझा आवाज मोठा आहे, हे लोकांनी मला सांगायची गरज नाही. वसतिगृहाच्या ओसरीत उभी राहून मी "जेवायले चला वं पोरीहो" म्हटलं की तिकडे ढाणकीच्या बाजारात बसलेले बैल उठून उभे राहतात. काही लोक म्हणतात बैल नाही, म्हशी. जनावर कोणतं, यावर मी वाद घालत नाही.

मुलींच्या त्या वसतिगृहाची मी गृहपाल. आणि माझ्याच राज्यात दहावीतली एक पोरगी अशी निघाली, की तिला रडायलाही आवाज नव्हता. तांड्यावरची, बंजाऱ्याची लेक. आईबाप ऊसतोडीला गेलेले. पुस्तक उघडलं की तिचे हात गार पडायचे, श्वास छातीत अडकायचा, आणि ती तळहातात नखं रुतवून भिंतीकडे बघत बसायची. मग एकच बोलणं, "मले घरी जाऊ द्या मॅडम. मी शाळा सोडतो."

घरी जाणं म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. घराला कुलूप. म्हणजे आधी उसाचा फड आणि मग लग्नाचा मांडव.

मी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या समुपदेशक ताईंनी तिच्याशी निवांत बोलून घेतलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिला गप्प करू नका. जवळ बसा. श्वास लांबवर, हळूहळू बाहेर सोडायला शिकवा. आणि दर आठवड्याला इकडे आणत जा."

पहिल्याच वाक्यात माझी निम्मी विद्या बुडाली. 'चूप, रडाचं नाही' हे माझं सगळ्या दुखण्यांवरचं औषध होतं. श्वास मात्र मी असा सोडून दाखवला, की दोरीवर वाळत घातलेले तीन फ्रॉक कंपाउंडच्या भिंतीपलीकडे गेले. पोरी हसल्या. एक तीच तेवढी हसली नाही. म्हणाली, "माह्या तर आतच अडकून राह्यतो मॅडम."

संक्रांतीच्या सुमारास, भर दुपारी, फाटकाशी असा आक्रोश उठला की माझ्या हातातला चहा बशीसकट थरथरला. चौकीदार टोपी काढून धावत आला, "मॅडम, मयत झाली वाटते कोणाची!" स्वयंपाकीणबाईंनी कढईखालचा गॅस बंद केला. मी पदर खोचून धावले. बघते तर ऊसतोडीवरून आलेली एक बाई आमच्या पोरीच्या गळ्यात पडून रडत होती. मी लगेच तिचे खांदे धरले, डोळ्यांत पाणी आणलं (ते मला पटकन येतं) आणि विचारलं, "बाई, धीर धरा. कोण गेलं?"

ती थांबली. नाक पुसलं. माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं.

"कोणी नाही गेलं नं मॅडम. मी आलो!"

ती पोरीची याडी होती, म्हणजे आई. बऱ्याच महिन्यांनी भेट झाली की गळ्यात पडून सुरात रडायचं, ही त्यांच्या बायकांची रीत. एवढं सांगून तिने राहिलेलं रडणं पुढे सुरू केलं. आणि मग मी जे ऐकलं, त्यानं माझीच बोलती बंद झाली. ही घटना तालुक्यात अजून सांगतात. पोरगी रडत होती. मोठ्यानं, सुरात. "याडीऽऽ" म्हणून ओळ लांबवर ओढायची, ती संपेस्तोवर छातीतला सगळा वारा बाहेर. मग नवा श्वास. ताईंनी सांगितलेलं तेच, पण सुरात!

रडणं आटोपल्यावर दोघी तिळाच्या वड्या खात फिदीफिदी हसायला लागल्या. मी विचारलं, "हे असं रडाले शिकवते कोण?"

"नवरीले तर म्हाताऱ्या बायका बसवून शिकवतात," याडी म्हणाली. "नुसतं रडाले लाज वाटते मॅडम. सूर धरला का आपोआप येते."

संध्याकाळी पोरीनं बॅग भरून दाराशी आणून ठेवली. याडीनं ती उचलली, परत खाटेखाली सरकवली. "छोरी, रडाचं तं रड. जोरानं रड. पण इथंच रड." आणि मागे न बघता गेली.

फाटक लागताच पोरीचे हात गार पडले. मी म्हटलं, "चल, धर सूर."

"एकटीनं नाही होत. गळ्यात पडाले कोणी लागते."

देवानं मला गळा दिलाय तो चार पोरींना पुरेल एवढा. मी हात पसरले. ती पडली, पण आवाज निघेना. म्हणून मीच सुरुवात केली. त्यांची गोरबोली मला येत नव्हती, वऱ्हाडीत रडले, "माहे गुडघे गेऽऽले, तुरीच्या डाळीत खडेऽऽ आले..." खांद्यावरून हुंदक्यातच आवाज आला, "असं नाही मॅडम. शेवट लांब ओढा." मला ओढून दाखवता दाखवता ती खरंच रडायला लागली.

तेव्हापासून प्रार्थना झाली की पाण्याच्या टाकीजवळ आमची बैठक. हळूहळू बाकीच्या पोरीही यायला लागल्या. कुणी गणितासाठी रडे, कुणी बापाच्या दारूसाठी. दवाखान्याच्या फेऱ्याही सुरू होत्या. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चालू द्या. फक्त दवाखान्याच्या आवारात नको."

शाळा सोडतो, हे बोलणं कमी झालं. संपलं असं नाही म्हणणार, तेवढी खोटारडी मी नाही.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी केंद्राच्या फाटकाशी ती थबकली. हात पाहिले, गार. मी काही बोलायच्या आत ती गळ्यात पडली आणि भर रस्त्यात एक लांबलचक ओळ ओढली. मग नाक पुसलं, पॅड काखेत मारलं आणि आत निघून गेली.

बंदोबस्तावरचा पोलीस धावत आला. "काय झालं बाई? कोण गेलं?"

"पोरगी गेली ना भाऊ," मी डोळे पुसत म्हटलं, "पेपराले."