रंधा मारलेला चेहरा

छापखान्याच्या मागच्या खोलीत ती लाकडावर चित्रं कोरते आणि कागदावर छापते. गल्लीत सगळे तिला ठसेताई म्हणतात. हा धंदा वडिलांचा. ती रांगत असतानाच आई गेली. घरात आईचा एकही फोटो नाही.

वडिलांच्या मागे उरलेली एक गुळगुळीत फळी तिने नव्या चित्रासाठी काढली, तेव्हा दाराशी बसलेली आत्या म्हणाली, "त्यावर तुझी आई होती. ती गेली आणि दादाने रंधा मारला."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"विचारलंस कधी? बापासारखीच तू, तोंडाला कुलूप."

"कोरलेली होती?"

"छे! खिळ्याने टोचून काढलेली. ठकठक ऐकून आमचं डोकं उठायचं."

ठसेताईचा हात थांबला. कोरलं की लाकूड निघून जातं. टोचलं की आत दबतं, आणि दबलेलं लाकूड पाणी पिऊन फुगतं. टेबलाला पोचा आला की सुतार ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्री फिरवतात, ते याचसाठी. पण रंधा किती खोल गेला होता, त्याखाली दबलेलं लाकूड उरलं होतं का, कुणास ठाऊक. शिवाय ठशाच्या फळीला पाणी दाखवायचं नाही, हा वडिलांचा दंडक. जुनी फळी तडकली की खेळ खलास.

तिने फडकं पिळलं. इस्त्री चुरचुरली.

"होतं तेही घालवशील," आत्या म्हणाली.

फडकं उचललं तर डोळ्यांना काहीच दिसेना. तिने तळहात फिरवला. मधोमध बारीक खरखर होती, गालाएवढी.

फळी वाळल्यावर तिने शाईचा रूळ अगदी हलका फिरवला, कागद ठेवला, चमच्याच्या पाठीने घासला. कागद सोलून काढला, तेव्हा त्यावर असंख्य काळे ठिपके होते. वडिलांनी टोचून जिथे उजेड ठेवला होता, तिथे लाकूड फुगून वर आलं होतं, शाई तिथेच लागली होती आणि आता काळोख होता. तरी रुंद कपाळ कळत होतं. वर उचललेली हनुवटी कळत होती. हसू दाबून कुणाकडे तरी बघणारे डोळेही.

असं का होतं, हे ठसेताईला आधीपासून माहीत होतं. तरी त्या चेहऱ्याला बोट लावायचा धीर तिला होईना.

"हेच नाक," आत्या हळूच म्हणाली. "यावरून आमची आई तिला रोज टोमणे मारायची." गुडघे दुखतात म्हणून कुणासाठी न उठणारी आत्या भिंत धरून उभी राहिली. "वहिनी," ती कागदाला म्हणाली.

"बस ना, आत्या."

"थांब गं. बघू दे तिला, मी किती म्हातारी झाले ते."