दिवेलागणीच्या आत

“दिवेलागणीच्या आत मुक्काम!” असं म्हणून ते भिंतीवरच्या नकाशावर दोऱ्याची गाठ दाबून धरायचे. ऑफिसात त्यांना सगळे भाऊ म्हणत. नागपूरलगतच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्ट गोदामात त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं, त्यामुळे तो दोरा रोज माझ्या डोक्यावरून जायचा.

फटफटीवर एकट्यानं नागपूर ते कन्याकुमारी, असा त्यांचा बेत. जेवणाच्या सुट्टीत ट्रक ड्रायव्हरांना गाठून ते चौकशी करत, कुठं घाट आहे, कुठं पूल खचलाय. मग दोऱ्याला नवी गाठ. एक गाठ म्हणजे एका दिवसाचा उजेड. गाठी इतक्या जवळजवळ, की ड्रायव्हर हसायचे.

“काहून गा भाऊ, कोंबड्यांसंगं झोपता का?”

“हो. उठतोबी त्यांच्याच संगं.”

खरं कारण फक्त मला ठाऊक होतं. एका संध्याकाळी फाटकाशी त्यांनी माझा दंड धरला, तो रस्ता ओलांडेपर्यंत सोडला नाही. “रात्री मले काहीच दिसत नाही गा. डॉक्टर म्हणे, हळूहळू दिवसाचंबी जाईन. त्याच्या आधी एकदा समुद्र पाहून येतो. कोणाले सांगू नको, नोकरी जाईन.” मी मान हलवली. मग ती त्यांना दिसली नसेल हे लक्षात आलं. “नाही सांगत,” मी म्हणालो.

खरं तर ते पहाटे गुपचूप निघणार होते. पण मॅनेजरसाहेबांना सत्काराची हौस आली. दुपारी दोनला हार, भाषण, हिरवा झेंडा. भाऊंनी दोरा लावून पाहिला. “जमते. हिंगणघाट उजेडात गाठतो.”

आपल्याकडे प्रमुख पाहुणे वेळेवर आलेले तुम्ही तरी पाहिलेत का? आमचे आले तेव्हा हिवाळ्यातला सूर्य गोदामामागं गेला होता. ते जिद्दीवर बोलले. भरपूर बोलले. मी मॅनेजरांच्या कानाशी लागलो, “भाऊंना उद्या सकाळी जाऊ द्या.”

“अरे, पाहुणे झेंडा दाखवाले आले ना!”

मी भाऊंकडे वळलो. “काहीतरी सांगून थांबा.”

“एवढे लोकं जमले, आता काय सांगू? वळणावर जाऊन थांबतो. तू सायकल घेऊन ये, मले घरी सोड.”

झेंडा हलला, टाळ्या पडल्या. मी सायकलवर टांग मारली.

वळणाच्या अलीकडेच एक ट्रक उभा होता, मागचा दिवा नसलेला. मी पोचलो तेव्हा लोकांनी भाऊंना उचलून कडेला ठेवलं होतं. हार गळ्यात होता, श्वास नव्हता. मी त्यांचा दंड धरून बसलो.

मागून पाहुण्यांची मोटार आली. तिच्या उजेडात ट्रकचा नंबरसुद्धा स्वच्छ वाचता येत होता. पाहुणे खाली उतरले आणि हळहळत म्हणाले, “एवढा मोठा ट्रक! दिसला कसा नाही यांना?”

मी भाऊंचा दंड सोडला नाही. कोणाला सांगू नको, असं भाऊंनी बजावलं होतं.